कूलर हिवाळ्यात गळतो

भंडाऱ्यात उन्हाळा नेमका कधी लागतो, याबद्दल पंचांगाचं एक मत असतं आणि हवामान खात्याचं दुसरं. घरोघरची खरी तारीख मात्र कूलर ठरवतो. होळीच्या मागेपुढे एखाद्या दुपारी छताचा पंखा गरम वारा फेकायला लागला, की गच्चीवर मेणकापडाखाली बांधून ठेवलेला लोखंडी कूलर सगळ्यांना एकदम आठवतो. दोरीच्या गाठी सुटत नाहीत म्हणून कापल्या जातात. आत कबुतराचं घरटं, गेल्या वर्षीच्या ताट्यांचा भुगा आणि कुणाचा तरी हरवलेला चेंडू सापडतो. मग तिघं जण ते धूड जिन्यातून खाली आणतात, वळणावर भिंतीचा पोपडा निघतो आणि कूलर खिडकीबाहेरच्या अँगलवर एकदाचा बसतो. बादल्या ओतल्या जातात, बटण दाबलं जातं, पंखा घरघरतो, सगळे जण चेहरे पुढे करून उभे राहतात. पंधरा मिनिटांनी बाहेरून कुणीतरी ओरडतं, "अजी, खालून पाणी चाललं ना!" आणि तिथून पुढे मृग लागेपर्यंत त्या घरात एकच सिद्धान्त चालतो: उन्हाळा आला की कूलर बिघडतो.

हा सिद्धान्त तपासायचे कष्ट कुणी घेत नाही, कारण तो डोळ्यांदेखत घडतो. बटण दाबलं आणि पाणी गळलं. आणखी पुरावा कोणता हवा? पण याच न्यायानं मृगाचा पहिला पाऊस पडून घरात धार लागली, तर कवेलू पावसानं फोडली असं म्हणावं लागेल. तसं कुणी म्हणत नाही. उन्हाळाभर घरावरून माकडं नाचली, हे सगळ्या गावाला माहीत असतं. कूलरच्या बाबतीत ती माकडं दिसत नाहीत, म्हणून दोष उन्हाळ्याच्या माथी जातो. माझं म्हणणं असं, की कूलर बिघडतो तो झाकून ठेवलेला असताना. कुणी हात लावत नसताना, सावकाश, निवांतपणे. उन्हाळ्यात त्याचं फक्त पितळ उघडं पडतं. (भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव असलं, तरी हे पितळ त्यातलं नव्हे.)

या म्हणण्याला रसायनशास्त्राचा भक्कम आधार आहे. कूलर चालतो तो पाणी उडवून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या मीटरच्या भाषेत सुमारे दोन-तृतीयांश युनिट. ती उष्णता पाणी बाहेरून येणाऱ्या हवेतून काढून घेतं आणि हवा गार होते. इथवर शाळेत शिकवलेलं असतं. शाळेत न शिकवलेली गोष्ट ही, की पाणी उडतं, त्यातले क्षार उडत नाहीत. पाणी कमी झालं की आपण वरून आणखी ओततो. त्याचेही क्षार मागे राहतात. हिशेबच करू. ताशी पाच लिटर पाणी उडालं आणि कूलर दिवसाला दहा तास चालला, तर ५० लिटर झाले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक चालतील, असं भारतीय मानक सांगतं. आपण उदार होऊन ३००च धरू. दिवसाला १५ ग्रॅम. शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात दीड किलो. हा दीड किलो ऐवज ताट्यांत, नळीत, मोटरीत आणि टाकीच्या बुडाशी जमा होतो. मधूनमधून टाकी उपसून धुणाऱ्या घरात थोडा कमी होतो. न धुणाऱ्या घरात सगळाच्या सगळा मुक्कामाला राहतो.

तरीही कूलर चालू असेपर्यंत फारसं बिघडत नाही, कारण सगळं ओलं आणि वाहतं असतं. खरा घात जूनमध्ये सुरू होतो. मान्सून आला, हवा दमट झाली की पाणी उडेनासं होतं. कूलर गारवा द्यायचं सोडून अंगाला चिकचिक देतो आणि एके दिवशी कुणीतरी त्याचं बटण कायमचं बंद करतं. बंद करतं, रिकामा करत नाही. "उद्या काढू" म्हणून ओल्या ताट्या, बुडाशी चार बोटं पाणी आणि तो दीड किलो क्षार यांसह कूलर तसाच खिडकीत उभा राहतो. या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा त्या 'उद्या'च्या काळातच पडतो. धानाची रोवणी होते, पोळा होतो, गणपती येऊन जातात. कूलर दसऱ्याच्या साफसफाईत गच्चीवर जातो. तेवढ्या अवधीत पत्र्यावरचा जस्ताचा थर खारट ओलीत झिजत असतो, आणि जिथे वेल्डिंगनं तो आधीच जळून गेलेला असतो, म्हणजे चारही कोपऱ्यांच्या सांध्यांत, तिथे गंज थेट लोखंडाला लागतो. पुढे थंडीत सगळं सुकतं. बुचाचं रबरी वायसर कडक होतं. प्लास्टिकची नळी जिथे वाकवून बसवलेली असते तिथे चिरते. मोटरीच्या आतल्या पात्याभोवती क्षारांचा लेप वाळून घट्ट बसतो. मार्चमध्ये ती मोटर मग गुणगुणते, पण पाणी फेकत नाही. हे सगळं घडताना घरातले लोक स्वेटर घालून तिळगूळ खात असतात. त्यांच्यावर संशय घ्यायचं कुणाला सुचणार?

थंड देशांतल्या लोकांना हे पक्कं ठाऊक आहे. अमेरिकेत, कॅनडात उन्हाळी भटकंतीसाठी चाकांवरचं घर बाळगणारे पुष्कळ आहेत. त्या गाडीत पाण्याची टाकी, छोटा पंप, नळ, गरम पाण्याची सोय असं सगळं असतं आणि हिवाळ्यात ती अंगणात झाकून उभी असते. पाणी गोठलं की आकारमानात सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. नळीत अडकलेलं पाणी तेवढी जागा मागतं, नळी देत नाही आणि फाटते. म्हणून ही मंडळी थंडीआधी थेंब न् थेंब काढतात, नळ्यांतून न गोठणारा गुलाबी द्रव फिरवतात आणि वसंतात गाडी बाहेर काढली की आधी गळती तपासतात. तपासायची रीतही सुरेख आहे: सगळे नळ बंद करायचे, पंप चालू करायचा. नळ्यांत दाब भरला की पंप आपोआप थांबतो. मग गप्प बसून ऐकायचं. एकही नळ उघडा नसताना पंपानं पुन्हा घुर्र केलं, तर कुठेतरी पाणी निसटतंय. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं आहे, तेव्हा कधी ना कधी नवेगाव बांधच्या तलावाकाठी असली गाडी लावून कुणी असंच कान देऊन बसलेलं दिसेलही. तूर्त आपल्याला त्यांच्याकडून घ्यायची ती भीती. त्यांना बर्फाची भीती आहे म्हणून ते तपासतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून आपण समजतो की थंडीत पाण्याच्या नळीला काही होतच नाही. त्यांचं पाणी गोठून नळी फोडतं, आपलं पाणी सुकून; परिणाम खिडकीखाली सारखाच.

कूलर तपासायचा तर फेब्रुवारीत, गरज नसताना, आणि त्याचं पहिलं कारण असं की गळती ओली असताना सापडत नाही. चालू कूलर म्हणजे तिन्ही बाजूंनी पाझरणारं, आतून शिंतोडे उडवणारं यंत्र. त्याच्या बुडाखालचा थेंब नेमका कुठून निघाला हे सांगणं कठीण. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक घरात मतभेद होतात. एक म्हणतो टाकीला भोक आहे, दुसरा म्हणतो ताटी नीट बसली नाही, तिसरी म्हणते तुम्ही पाणीच जास्त ओतलं, आणि आजोबांच्या मते हा नुसता वाफेचा घाम आहे. सुकलेला कूलर मात्र कबुलीजबाब लिहून ठेवतो. टाकी पालथी करून उन्हात ठेवावी आणि बूड पाहावं. जिथून गेल्या मोसमात पाणी झिरपलं, तिथे चुन्यासारखी पांढरी रेघ असते; रेघेच्या वरच्या टोकाला कुठे कुठे क्षाराचा बारीक खडा लोंबत असतो. रेघ तांबूस असेल तर गळती गंजातून आहे. नुसती पांढरी असेल तर बहुधा सांध्यातून किंवा बुचातून. ताटीच्या खालच्या कडेला रुंद पांढरा पट्टा असेल, तर तिथून शिंतोडे बाहेर जात होते आणि टाकी बिचारी निर्दोष आहे. कोरड्या दिवसांतली ही दहा मिनिटांची पाहणी एप्रिलमधल्या चार माणसांच्या वादाचा निकाल लावते.

रेघा वाचून झाल्या की पाण्याची परीक्षा, आणि ती दोन वेळा, वेगवेगळी घ्यावी लागते. आपली चूक हीच असते की पाणी, मोटर आणि पंखा तिन्ही एकदम सुरू करून आपण गुन्हेगार शोधायला बसतो. पहिल्या परीक्षेत विजेचा संबंधच नको. ताट्या काढलेल्या, टाकी काठाच्या थोडी खाली भरलेली, पातळीवर खडूची खूण आणि चार पायांखाली रद्दीतल्या वर्तमानपत्राचे कागद. रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी खूण आणि पाणी यांत थोडा फरक दिसला तर घाबरू नये, उघडं पाणी फेब्रुवारीतही उडतंच. कागद मात्र खोटं बोलत नाही (त्याच्यावर छापलेल्या मजकुराबद्दल मी काही म्हणत नाही). ओल कोणत्या पायाखाली आहे ते पाहून त्या कोपऱ्याची चौकशी करायची. टाकी पास झाली की दुसरी परीक्षा: नळ्या जोडून मोटर सुरू, पंखा बंद. आता पाणी वर चढतं, वरच्या चौतोंडी जोडातून तिन्ही पन्हाळींत जातं आणि भोकांतून खाली पडतं. इथे गळतीबरोबर न-गळणंही पाहायचं असतं, कारण पन्हाळीची निम्मी भोकं क्षारांनी बुजलेली असतात. ती सुईनं मोकळी केली नाहीत तर पाणी कडेवरून सांडतं आणि दोष पुन्हा टाकीवर जातो. नळी मोटरीच्या तोंडावर सैल बसत असेल तर तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळतात. क्लिप मिळते, स्वस्त मिळते, तरी ट्यूबच आवळतात. पंखा सगळ्यात शेवटी. तो लावल्यावर पहिल्यांदा पाणी दिसलं, तर ते शिंतोडे आहेत आणि त्यावर इलाज ताटीचा.

विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट इथेच सांगायला हवी. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याची बातमी येते. लोखंडी अंग, पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि टाकीत बुडवलेली २३० व्होल्टची मोटर; यापेक्षा धोकादायक वस्तू आपण घरात क्वचितच ठेवतो, आणि तिच्यात पाणी भरायला मात्र हमखास लहान मुलाला पाठवतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून मोडून टाकणारे लोक आहेत. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. नुसतं बटण बंद करणंही पुरत नाही, कारण तारांची अदलाबदल झालेली असेल तर बटण बंद असतानाही मोटरीपर्यंत वीज आलेली असते. पिन सॉकेटमधून काढून मगच पाण्यात हात. गळती शोधण्याच्या मोसमाचा मुद्दा इथेही लागू पडतो. फेब्रुवारीतला माणूस कोरड्या फरशीवर, वीज न जोडता, घाई नसताना टाकी तपासतो. एप्रिलमधला माणूस तेच काम घामेजलेल्या अंगानं, पंखा चालू ठेवून, पाण्यात उभा राहून करतो, कारण "बंद केला तर लेकरं उठतात."

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात मुरलेला आक्षेप असा की जुन्या कूलरला छेडू नये. साफ केला की तो गळायला लागतो. हे निरीक्षण शंभर टक्के खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. बारीक भोकात क्षार बसून भोक बुजतं, हे आपण पन्हाळीत पाहिलंच. टाकीच्या भोकांतही तेच होतं. कूलर स्वतःच स्वतःला लिंपून घेतो. लिंबू किंवा व्हिनेगर टाकून, ब्रशनं घासून आपण ते लिंपण काढलं की दडलेलं भोक बोलू लागतं. पण यावरून 'साफसफाईनं भोक पडलं' असा निष्कर्ष काढायचा, तर एक्स-रे काढल्यामुळे हाड मोडलं असंही म्हणता येईल. लिंपलेलं भोक कधीतरी उघडणारच; प्रश्न इतकाच की ते एम-सीलचं पाकीट हाताशी असताना फेब्रुवारीत उघडावं, की नवतप्यात रात्री दोन वाजता. आणि एम-सील असो वा डांबराचा हात, दोन्हींना कोरडा, घासलेला पत्रा लागतो. ओल्या गंजावर लावलेलं लिंपण पहिल्या आठवड्यातच अख्खं निघून हातात येतं आणि त्याचा दोष मग पाकिटाला दिला जातो.

घासण्याचं आणखी एक कारण डासाचं आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. म्हणजे हिवाळाभर मेणकापडाखाली फक्त गंजच वाढत नसतो. पुढच्या पिढीची सोयही झालेली असते. नुसती बादली ओतून टाकी विसळली तर अंडी जागीच राहतात, उलट त्यांना हवं असलेलं पाणी आपण आणून देतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं, तो उन्हाळ्यासाठी ठीक. पहिला ब्रश मात्र पाणी भरण्याआधी फिरायला हवा.

दुसरा आक्षेप: हे सगळं शहाणपण कागदावर बरं, पण गरज पडण्याआधी काम करायची आपल्या लोकांना सवय नाही. हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या भंडाऱ्यात हे म्हणवत नाही. इथले आणि गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे हजारो मालगुजारी तलाव गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजानं बांधले, आणि मातीची पाळ घातलेला तलाव म्हणजे गळतीची कायमची टांगती तलवार. पाणी सोडायचं तुडुम, जादा पाणी बाहेर काढायची सलंग, पाळीतली उंदराखेकड्यांची बिळं, हे सगळं तलाव आटलेला असताना पाहायचं असतं. तुडुंब भरलेल्या तलावाच्या पाळीला भगदाड पडल्यावर पाहायला काही उरत नाही. गावं हे काम पाऊस येण्याआधी करत होती, गाळ काढत होती, त्याच हंगामात घरावरची कवेलूही फेरत होती. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. दुरुस्ती कुणी करायची हा प्रश्न फायलीत गेला आणि कितीतरी तलाव गाळानं भरले, पाळी खचल्या. म्हणजे सवय नव्हती असं नाही. ती होती, आणि तिच्यावर धान पिकत होता. (गळती म्हटल्यावर कुणीतरी गोसीखुर्द धरणाचं नाव काढणारच. १९८३ साली ३७२ कोटींचा अंदाज असलेला तो प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला. पण तो लेख वेगळा, आणि तिथे एम-सीलनं भागणार नाही.)

"मिस्त्री आहे ना!" हा तिसरा आक्षेप. मिस्त्री आहे, याबद्दल वाद नाही. पण तो एकटा आहे आणि साऱ्या मोहल्ल्याला गरमी एकाच दिवशी लागते. फेब्रुवारीत हाच मिस्त्री दुकानापुढे चहा पीत बसलेला असतो आणि हाक मारली तर येतो. एप्रिलमध्ये तो "निघालोच जी" म्हणतो आणि निघालेला माणूस पोचायला तीन दिवस लागतात. शिवाय गळती शोधायला जे मुख्य हत्यार लागतं ते त्याच्या पिशवीत नसतं. ते हत्यार म्हणजे रात्रभराचा वेळ. तो मोटर बदलेल, वायसर बदलेल, ताट्या ठोकेल आणि पाणी काठापर्यंत भरून जाईल. थेंब तो गेल्यावर पडायला लागेल. यात त्याचा काहीच दोष नाही. रद्दीच्या कागदावरची ओल सकाळी पाहणं हे घरमालकाचं काम आहे आणि त्याला कसलंही प्रशिक्षण लागत नाही.

चौथा आक्षेप सगळ्यात उमदा: गळतंय तर गळू द्या, खालची तुळस जगते. याला आकड्यानंच उत्तर द्यायला हवं. दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या प्रत्येकाला सलाइनचा हिशेब माहीत असतो, नेहमीच्या नळीतून २० थेंबांचा एक मिलिलिटर. दर सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या जरा वर. शंभर दिवसांत सव्वाचारशे लिटरपेक्षा थोडं अधिक. मोठं नुकसान आहे का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. कूलर तेवढं पाणी नऊ दिवसांत नुसतं उडवतो. वैनगंगेच्या काठच्या माणसाला त्या आकड्यानं घाबरवणं म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान. तुळशीचा मुद्दा मी मान्य करतो. पण गळती सेकंदाला एका थेंबावर थांबत नाही, गंजाचं भोक आठवड्यागणिक मोठं होतं. मग टाकी भरून झोपलेल्या घरात ती पहाटे तीनला रिकामी होते, मोटर कोरडी फिरत राहते आणि जळते. सकाळी उठल्यावर लोक म्हणतात मोटर खराब निघाली, आणि नवी आणून त्याच गळक्या टाकीत बसवतात. तुळस अजून हिरवीगार असते.

शेवटी येतात सुधारणावादी. त्यांचं म्हणणं, पत्रा सोडा, प्लास्टिकचा कूलर घ्या, गंजाचा प्रश्नच मिटला. गंजाचा मिटला, हे खरं. पण प्लास्टिक उन्हानं ठिसूळ होतं आणि गच्चीवर मेणकापड उडून गेलं की हिवाळ्यातलं ऊनही त्याला पुरतं. शिवाय बुचाचं वायसर, पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा, मोटरीची नळी यांना क्षार तसाच लागतो. त्यांना टाकी कशाची आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पत्र्याच्या टाकीला निदान झाळून घेता येतं. तडकलेल्या प्लास्टिकला डाग देणारा कारागीर भंडाऱ्यासारख्या भांड्यांच्या गावातही मिळायचा नाही. सुधारणावाद्यांतले जहाल गटाचे लोक तर सरळ एसी लावायला सांगतात. पाणी भरणं नाही, ताट्या नाहीत, गळती नाही. यातलं तिसरं साफ चूक आहे. कूलर हवेत पाणी सोडतो, एसी हवेतलं पाणी काढतो, आणि काढलेलं पाणी एका नळीतून बाहेर जावं अशी अपेक्षा असते. हिवाळाभर ती नळी कोरडी, अंधारी आणि रिकामी असते; आतला शेवाळी थर सुकून पापुद्रे धरतो आणि कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला याहून चांगली जागा मिळत नाही. मेमध्ये पाणी पुढे जायला वाट न मिळाल्यानं मागे फिरतं आणि आतल्या भिंतीवरून थेट पलंगावर उतरतं, तेव्हा घरातले सगळे म्हणतात की उन्हाळा आला आणि एसी बिघडला. एसीवाल्यांनीही फेब्रुवारीत मिस्त्रीला बोलावून आतल्या तबकात तांब्याभर पाणी ओतायला लावावं आणि ते नळीच्या दुसऱ्या टोकातून बाहेर पडतं का ते पाहावं. खाली कुणाचे पापड वाळत घातलेले आहेत, तेवढं मात्र आधी पाहून घ्यावं.